पट्टेदार गुलाबाची कुळकथा

कर्जत स्टेशनावर उतरून मुरबाडच्या रस्त्याला लागले म्हणजे कशेळ्याच्या अलीकडे कडाव हे गाव लागते. बाल दिगंबर गणेशाच्या देवळामुळे त्याचे नाव मुंबई-पुण्याकडील भाविकांस ठाऊक आहे. इतरांस ते ठाऊक असण्याचे विशेष कारण नाही. १८९१ पर्यंत कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात मोडत असे, पुढे तो कुलाब्यात गेला, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचेच रायगड झाले. परंतु गावच्या भातखाचरांस, पश्चिमेकडील माथेरानच्या डोंगरास अथवा चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या घरात कोसळणाऱ्या पावसास ह्या फेरफारांची वार्ता लागली असेल असे दिसत नाही. अशा ह्या ओल्याचिंब गावी, आमच्या वडिलार्जित घराच्या ओसरीसमोर, गुलाबाचे एक झाड आहे. झाड म्हणण्याइतके ते मोठे नाही. गुडघ्याच्या वर त्याची मजल जात नाही. पाने बोटाच्या पेराएवढी, आणि फूल म्हणाल तर जुन्या रुपयाहून थोडे मोठे. पण त्या फुलाची प्रत्येक पाकळी पांढरी असून तिच्यावर तांबड्या रंगाचे फराटे ओढलेले असतात, आणि कोणत्याही दोन फुलांवरील फराटे सारखे नसतात.

आमच्या घरी ह्यास ‘आप्पांचा गुलाब’ म्हणतात. आप्पा म्हणजे आमचे आजोबा. त्यांनी तो मुंबईस राणीच्या बागेजवळ एका माळ्याकडून घेतला, ओल्या गोणपाटात गुंडाळून आगगाडीने कर्जतपर्यंत व तेथून बैलगाडीने कडावास आणला, आणि आमच्या थोरल्या आत्याबाईंच्या लग्नाच्या आदल्या वर्षी अंगणात लावला, अशी कथा आहे. आत्याबाई आज शहाऐंशी वर्षांच्या आहेत; तेव्हा ही गोष्ट सुमारे पासष्ट वर्षांपूर्वीची. कथा सांगणाऱ्याही त्याच, आणि इतकी वर्षे झाडाला पाणी घालणाऱ्याही त्याच.

मागील साली आमच्या चुलतबंधूंनी अंगणात मोटारी उभ्या करण्यासाठी फरशी घालण्याचा बेत काढला. गुलाब नेमका वाटेत येत होता. आत्याबाई ओसरीवरून एवढेच म्हणाल्या, “आप्पांच्या हातचं झाड आहे ते. माझ्यादेखत त्याला कुणी हात लावायचा नाही.” बोलणे तेथेच संपले. पुढे कोणीतरी सुचविले की, घरात इतिहासाचा प्राध्यापक आहे, त्याने ह्या झाडाची हकीकत लिहून काढावी म्हणजे ती पुढच्या पिढीस उपयोगी पडेल. आम्ही मोठ्या उत्साहाने ते काम अंगावर घेतले. त्या उत्साहाचा आम्हांस पुढे पश्चात्ताप झाला.

पट्टेदार गुलाबांचा इतिहास पाहू जाता पहिली गाठ पडते ती एका दंतकथेशी. युरोपात ‘रोझा मुंडी’, म्हणजे ‘जगाचा गुलाब’, ह्या नावाचा एक गुलाब फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. त्याच्या गुलाबी पाकळ्यांवर पांढरे पट्टे असतात. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री ह्याची प्रिया रोझामंड क्लिफर्ड, जी ११७६ च्या सुमारास वारली, तिच्या नावावरून हे नाव पडले असे इंग्रजी वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास सांगण्यात येते. नाव इतके चपखल बसते की शंका घेणे अरसिकपणाचे वाटावे. तथापि ह्या फुलाचे लेखी वर्णन सापडू लागते ते सोळाव्या शतकात, म्हणजे रोझामंड मातीआड झाल्यानंतर चारशे वर्षांनी. ‘यॉर्क अँड लँकेस्टर’ नावाच्या दुसऱ्या दोरंगी गुलाबाची गत निराळी नाही. पांढरा गुलाब यॉर्क घराण्याचा, तांबडा लँकेस्टरचा, दोघांचे युद्ध संपून १४८५ मध्ये ट्यूडर घराणे गादीवर आले, आणि त्या मनोमीलनाच्या प्रसंगी हे फूल उमलले, अशी गोड कथा आहे. पण त्या युद्धास ‘गुलाबांची युद्धे’ हे आज रूढ असलेले नाव लोकप्रिय झाले ते एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचे बरेचसे श्रेय सर वॉल्टर स्कॉट ह्या कादंबरीकाराकडे जाते. सारांश, पट्टेदार गुलाब दिसला की माणसाला त्याच्याशी एखादे घराणे जोडून द्यावेसे वाटते. ही खोड इंग्लंडातही आहे आणि कडावातही आहे.

‘रोझा मुंडी’ची खरी उत्पत्ती राजारजवाड्यांच्या भानगडींहून आम्हांस अधिक मनोरंजक वाटते. औषधी गुलाब म्हणून युरोपात ओळखला जाणारा जो एकरंगी गुलाबी गुलाब आहे, त्याच्या एखाद्या झाडाची एकच फांदी कधीतरी अकस्मात पट्ट्यांची फुले देऊ लागली. कोणा डोळस माळ्याने ती फांदी ओळखून तिची रोपे केली. आजही ‘रोझा मुंडी’च्या झाडावर मधूनच एखादी फांदी मूळच्या एकरंगी फुलांवर जाते, माळ्याने ती वेळीच छाटली नाही तर जोमदार एकरंगी फांद्या हळूहळू सारे झाड व्यापतात. ज्या गुलाबाची कीर्ती शतकानुशतके चालली, तो कात्रीच्या जोरावर टिकला आहे.

पण हा गुलाब आप्पांचा असणे शक्य नव्हते. तो वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या आरंभी फुलतो, आणि त्यासाठी त्याला कडक हिवाळ्याची झोप लागते. कडावास मार्गशीर्षातही अशी थंडी पडत नाही. आमचे झाड तर पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर बारा महिने काही ना काही फूल देतच असते. बारमाही फुलण्याचा हा गुण गुलाबाच्या जातीत आला तो चीनमधून.

येथे आपल्या देशाचा संबंध येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी चिनी बागांतले बारमाही गुलाब ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून इंग्लंडला गेले. वाटेत कलकत्त्यास मुक्काम पडे. तेथील वनस्पती-उद्यान १७८७ मध्ये स्थापन झाले होते, आणि चीनहून आलेली रोपे तेथे दम खाऊन पुढे जात. त्यामुळे युरोपात कित्येकांनी ह्या चिनी गुलाबास ‘बंगालचा गुलाब’ असेच नाव दिले. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर, ज्यास त्या काळी बूर्बों म्हणत, शेताच्या कुंपणाला हे चिनी गुलाब आणि पश्चिम आशियातून आलेले दमास्क गुलाब शेजारी-शेजारी लावण्याची चाल होती. त्या शेजारातून एक संकर आपोआप निपजला. १८१९ मध्ये त्याचे बी पॅरिसला पोचले आणि तेथून बूर्बों गुलाबांचा मोठा वंश पसरला. त्याच बेटावरचा ‘एदुआर’ नावाचा गुलाब हिंदुस्थानात आला, आणि येथल्या हवेत असा काही रुजला की देवपूजेला, हाराला व कलमाच्या खुंटाला लोक तोच लावू लागले. आपल्याकडील माळी त्यास ‘एडवर्ड’ म्हणतात. हे नाव सातव्या एडवर्ड बादशहाचे असावे अशी आमचीही लहानपणापासून समजूत होती. प्रत्यक्षात ते त्या बेटावरील एका जमीनदाराचे आहे. (आमच्या व्यवसायात अशा चुका पन्नाशीनंतर कळतात.)

आता गंमत पाहा. ज्या गुलाबास आपण मोठ्या अभिमानाने ‘गावठी’ म्हणतो, त्याच्या अंगात निम्मे रक्त चीनचे आणि निम्मे दमास्कचे. त्या दमास्क गुलाबाचीही चौकशी जपानी संशोधकांनी २००० साली केली, तेव्हा त्याच्या मागे तीन निरनिराळ्या जाती निघाल्या, त्यांतील एक मध्य आशियातली. ‘गुलाब’ हा शब्ददेखील फारसी. मूळ अर्थ फुलाचे पाणी, आणि आपण ते नाव फुलालाच देऊन बसलो. त्यापूर्वी संस्कृत वैद्यकग्रंथांत ‘शतपत्री’ आणि ‘तरुणी’ अशी नावे येतात, व ‘शेवती’ हा शब्द त्या शतपत्रीचाच नातू होय. परंतु ते प्रकरण निराळे आहे.

पट्टे युरोपचे, बारमाही बहर चीनचा; राहिला बुटकेपणा. त्याचीही कथा मोठी चटकदार आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास रूले नावाच्या एका स्विस अधिकाऱ्यास डोंगरातल्या एका खेड्यात घरांच्या खिडक्यांत कुंडीतले वीतभर उंचीचे गुलाब दिसले. त्याने ही गोष्ट जिनीव्हाचे वनस्पतिज्ञ आंरी कोरव्हों ह्यांना सांगितली. कोरव्हों तेथे जातात तो आगीने ते खेडे भस्म झालेले. परंतु शेजारच्या गावी एका बाईच्या खिडकीत एक कुंडी शिल्लक होती. त्या झाडाला ‘रूलेटी’ हे नाव मिळाले. तो चिनी गुलाबाचाच एक ठेंगणा प्रकार. हॉलंडात यान द फिंक ह्या माळ्याने त्याचा संकर करून १९३६ मध्ये बुटक्या गुलाबांची नवी पिढी बाजारात आणली. पुढे कॅलिफोर्नियातील व्हायसेलिया गावच्या राल्फ मूर ह्यांनी सारे आयुष्य ह्याच कामाला वाहिले. हे गृहस्थ १९०७ मध्ये जन्मले आणि २००९ मध्ये वारले. गुलाबाच्या सहवासात दीर्घायुष्य लाभत असावे. मूर ह्यांनी ‘फेर्दिनां पिशार’ ह्या १९२१ च्या फ्रेंच पट्टेदार गुलाबाचे पट्टे संकरामागून संकर करीत बुटक्या झाडावर उतरविले, आणि १९७५ च्या सुमारास त्यांचा ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ हा गुलाब जगापुढे आला. आज बाजारात मिळणाऱ्या पट्टेदार बुटक्या गुलाबांपैकी पुष्कळांची वंशावळ ह्या झाडाशी जाऊन मिळते. योगायोग असा की त्याच सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ‘किस ऑफ फायर’ ह्या जातीवर किरणांचा प्रयोग करून ‘अभिसारिका’ नावाचा पट्टेदार गुलाब मिळविण्यात आला. पण तो उंच वाढणारा, मोठ्या फुलाचा, म्हणजे आमच्या झाडाचा फार तर दूरचा आप्त.

पट्टे उमटतात कसे, हेही आम्ही विज्ञान शिकविणाऱ्या आमच्या स्नेह्यांकडून समजावून घेतले. हॉलंडातल्या ज्या पट्टेदार ट्यूलिपांचा बाजार १६३७ मध्ये कोसळला, त्यांचे पट्टे एका विषाणूचे होते. ते झाडाचे दुखणे होते असे १९२८ मध्ये इंग्लंडात डोरोथी केली ह्या बाईंनी दाखविले. गुलाबाचे तसे नाही. बार्बरा मॅक्लिंटॉक ह्यांनी मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून असे दाखवून दिले होते की, आनुवंशिक द्रव्यातील काही तुकडे जागा सोडून हिंडतात. रंगाच्या कामात असा एखादा तुकडा आडवा बसला की रंग बंद. तो उठून गेला की त्या पेशीपासून पुढे वाढणाऱ्या सर्व पेशी रंगीत. पाकळी अगदी कोवळी असताना तो उठला तर पट्टा रुंद पडतो, उशिरा उठला तर नुसती रेघ. ह्या शोधासाठी मॅक्लिंटॉकबाईंना १९८३ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, नोबेल पारितोषिक मिळाले. पट्टेदार गुलाबातही अशाच अस्थिर घटकाचे काम चालत असावे असे मानतात. दोन फुले सारखी का नसतात, आणि मधूनच एखादी फांदी निव्वळ तांबडी का होते, ह्याचा उलगडा त्यावरून होतो.

अशी सर्व तयारी करून आम्ही दिवाळीच्या सुटीत कडावास गेलो आणि जमलेल्या मंडळींपुढे निर्णय सांगितला: असला बुटका, बारमाही, पट्टेदार गुलाब पासष्ट वर्षांपूर्वी राणीच्या बागेजवळ मिळणे शक्य नव्हते, आप्पा वारले १९७१ मध्ये, अर्थात हा गुलाब आप्पांचा नव्हे. वर्गात बोलावे तसे आम्ही बोललो. चुलतबंधूंच्या मुद्रेवर एक प्रकारची सुटका दिसली, आणि तेव्हा कोठे आपण काय करून बसलो हे आमच्या ध्यानात आले. आत्याबाई काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुझी पुस्तकं खरी असतील बाबा. पाणी मी घातलंय.” आणि उठून आत गेल्या. त्या सुटीत त्या आमच्याशी जेवणाखाण्यापलीकडे बोलल्या नाहीत.

फरशीचे काम पावसाळ्यानंतर करावयाचे ठरले. मध्यंतरी झाडाची निगा आम्ही आपल्याकडे घेतली. त्यात प्रायश्चित्ताचा भाग होता हे उघड आहे. कडावसारख्या ठिकाणी गुलाबाचे खरे वैरी दोन, साचलेले पाणी आणि पानांवरचे काळे ठिपके. म्हणून आळ्याची माती वीतभर उंच करून तिला चारी बाजूंनी उतार दिला, खालची ठिपक्यांची पाने वेचून जाळली, आणि वाळलेली टोके हिरव्या गाभ्यापर्यंत छाटली. बुटक्या गुलाबास वळण देणे सोपे वाटते, पण त्याचे झुडूप आपोआप दाट होत असल्यामुळे आतल्या बाजूस हवा पोचत नाही. आतल्या दिशेने गेलेल्या काड्या काढाव्या, बाहेर पाहणाऱ्या डोळ्याच्या किंचित वर कात्री चालवावी, आणि मधला भाग वाटीसारखा मोकळा ठेवावा, एवढे केले की पुरे. मुख्य छाटणी पाऊस पूर्ण हटल्यावर, दसऱ्याच्या पुढे करणे बरे.

आषाढात झाडाच्या बुडाशी एक फुटवा आला. तो इतर फांद्यांसारखा नव्हता. पंधरा दिवसांत तो झाडाच्या डोक्यावरून गेला. पाने दुप्पट रुंद, काटे निराळे. सात पानांचा फुटवा म्हणजे खुंटाचा, अशी एक समजूत आहे, पण तिच्यावर विसंबू नये. खात्री करावयाची तर माती बाजूस सारून फुटवा कोठून निघाला हे पाहावे. आम्ही माती उकरली. बोटभर खाली खोडावर जुनी, आवळ्याएवढी गाठ होती, आणि फुटवा त्या गाठीच्या खालून आला होता. म्हणजे हे कलम होते. असले बुटके गुलाब स्वतःच्या मुळांवरही चांगले वाढतात. येथे मात्र कोणीतरी दुसऱ्याच गुलाबाच्या बुंध्यावर डोळा भरला होता. आणि तो बुंधा मनगटाएवढा जाड, फार जुना.

त्यानंतर आमच्या मधल्या काकांच्या वह्या काढल्या. काका पुण्यास नोकरीला होते. सुटीत येत तेव्हा भाताचा हिशेब पाहत आणि बागेत राबत. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. भाताच्या हिशेबाच्या एका वहीत, मजुरीच्या आकड्यांखाली, त्यांच्या बारीक अक्षरात दोन ओळी मिळाल्या: आप्पांचा गुलाब जून झाला, बुडापासून छाटला, नव्या फुटीवर पुण्याच्या पट्टेवाल्याचे तीन डोळे भरले. आणि तीन आठवड्यांनंतरच्या तारखेस एकच शब्दजोडी: एक लागला. ही वही आप्पांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांची होती. त्या गुलाबाचे नाव काकांनी लिहिलेले नाही, आणि नुसत्या फुलावरून ते सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

श्रावणात त्या फुटव्याला फूल आले. फिकट गुलाबी, भरगच्च, एकही पट्टा नसलेले, गावोगावी कुंपणाला दिसते तसे. आमच्या पट्टेदार फुलास वास जवळजवळ नाहीच. ह्याचा वास ओसरीपर्यंत येत होता. आम्ही ते खुडून आत्याबाईंच्या हातात दिले. त्यांनी ते नाकाशी धरले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले.

“लग्नात माझ्या वेणीत हाच होता,” त्या म्हणाल्या.

मग फूल फिरवून पाहत त्यांनी विचारले, “पण ह्याला पट्टे कुठायत?”

“तेव्हा नव्हतेच, आत्या.”

“मग मला ते आठवतात कसे?”

आम्ही तीस वर्षे विद्यार्थ्यांना साधनांची छाननी शिकविली आहे. साक्षीदार खोटे बोलत नसला तरी त्याची साक्ष खोटी असू शकते, हे वाक्य आम्ही वर्गात कितीदा उच्चारले असेल. त्या ओसरीवर ते आमच्या तोंडून निघाले नाही.

कलमाच्या शास्त्राप्रमाणे खुंटाचा फुटवा ठेवता येत नाही. तो ठेवला तर सारा रस ओढून घेतो आणि वरचे कलम दोन-तीन वर्षांत मरते. कापून भागत नाही, मुळापाशी धरून ओढून काढावा लागतो, नाहीतर पुन्हा फुटतो. म्हणजे आप्पांचा गुलाब राखावा तर काकांचा जातो, आणि काकांचा राखावा तर आप्पांचा पुन्हा मातीखाली. आम्ही फुटवा पावसाळाभर वाढू दिला. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सहा काड्या घेऊन विहिरीच्या बाजूस सावलीत लावल्या, चार धरल्या. मगच फुटवा ओढून काढला. तो सुटताना आत्याबाई ओसरीवरून पाहत होत्या, आणि त्या वेळी आमच्या हाताला जो जोर लागला तो केवळ मुळाचाच होता असे म्हणवत नाही.

चुलतबंधूंना वहीतल्या दोन ओळी दाखविल्या. त्यांनी फार वाद घातला नाही. फरशी आता आळ्यापासून तीन हातांवर थांबली आहे, आणि त्यामुळे एक मोटार रस्त्यावर उभी करावी लागते.

ह्या वर्षीची छाटणी आम्ही कार्तिकात केली. झाडाच्या एका बाजूस पट्टे नसलेली, निव्वळ तांबड्या फुलांची एक फांदी निघाली होती, तिला कात्री लावणार तोच ओसरीवरून आवाज आला, “ती तांबडी कापतोयस का?”

“कापायलाच हवी. नाहीतर पट्टे जातील.”

“काप. पण टाकू नकोस. विहिरीपाशी लाव तीही.”